नोव्हेंबरचं पान

पोर्तो शहराच्या पूर्वेला, रेल्वे यार्डाच्या मागे, ग्रासिएत मोतिन्यू नावाची एक बाई तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते. वय एकसष्ट. लग्न ठरलं होतं, मोडलं, मग पुन्हा कुणी विषय काढला नाही आणि तिनंही काढला नाही. सत्तावीस वर्षं ती एका फोटोच्या दुकानात मागच्या अंधाऱ्या खोलीत काम करत होती. दुसऱ्यांची लग्नं, दुसऱ्यांची बाळं, दुसऱ्यांचे समुद्रकिनारे तिनं रसायनातून बाहेर काढले, वाळवले आणि पाकिटात घालून दिले. पुढे फोटो फोनमध्येच राहायला लागले आणि दुकान बंद झालं. मालकानं निरोप देताना तिला फोटो मोठा करायचं जुनं यंत्र देऊन टाकलं. ते तिनं न्हाणीघरात बसवलं. पोटासाठी एका शाळेच्या स्वयंपाकघरात लागली. रोज साडेतीनशे पोरांचं कोबीचं सूप ढवळायचं, आणि शनिवार उजाडला की गळ्यात कॅमेरा अडकवून चालायला लागायचं.

आधी तिनं आपलंच शहर पायाखाली घातलं. नदीकडे उतरणाऱ्या पायऱ्या, त्यांवर वाळत घातलेल्या चादरी, सार्डिन मासे भाजणाऱ्या बायका, दारात खुर्ची टाकून बसलेले म्हातारे. मग पहाटेच्या बसनं डोंगरात जायची आणि एका गावातून दुसऱ्या गावात चालत निघायची. सुट्टी मोठी असली तर सरहद्द ओलांडून स्पेनमधल्या गालिसियातल्या कोळ्यांच्या वस्त्यांत. एकदा मामेबहीण एर्मेलिंदा फ्रान्सच्या दक्षिणेला घरकाम करत होती, तिच्याकडे आठ दिवस राहायला म्हणून गेली आणि सहा दिवस आसपासच्या खेड्यांत हिंडत राहिली. एर्मेलिंदा अजून टोमणा मारते, "माझ्याकडे आली होतीस की माझ्या शेजाऱ्यांकडे?"

तिचं म्हणणं एकच होतं. गाडीतून दिसतं ते गाव नव्हे. पायाच्या तळव्याला ज्याचे दगड कळले ते गाव.

आणि तिचा एक नेम होता. माणसाचा फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही. आधी थांबायचं, दिवस बरा गेला का म्हणायचं, पाणी मागायचं, दोन शब्द बोलायचे, आणि मग कॅमेऱ्याकडे बोट दाखवून भुवया उंचावायच्या. कुणी नाही म्हटलं तर कॅमेरा पाठीवर. पोर्तोत हौशी लोकांचं एक मंडळ होतं, दर गुरुवारी जमणारं. तिथे एखादा चोरून काढलेला फोटो दाखवायला लागला की ग्रासिएत विचारायची, "त्यांना विचारलं होतंस का रे?" तो बिचारा खाली बघायचा. मंडळाचा अध्यक्ष आदेरितु, निवृत्त दंतवैद्य, हसून म्हणायचा, "आपल्या ग्रासिएतबाई म्हणजे मंडळाचा विवेक." हे तिला आवडायचं. किती आवडायचं हे तिला पुढे कळलं.

*

विन्याइश गावाच्या पुढे, जिथे डोंगर स्पेनकडे वळतात, तिथे पेनासेल्व्हा नावाचं गाव आहे. चाळीस धुराडी, त्यातली धूर सोडणारी अठरा. एक चर्च, एक कॅफे, चहूबाजूंनी चेस्टनटच्या, भाजून खायच्या त्या तपकिरी फळांच्या, राया. जवान माणसं लक्झेंबर्गला, फ्रान्सला, स्वित्झर्लंडला. ती ऑगस्टमध्ये येतात, गावात गाड्या मावत नाहीत, आणि सप्टेंबरात पुन्हा गाव म्हाताऱ्यांचं होतं. ग्रासिएत तिथे पहिल्यांदा गेली तेव्हा वाटेवरच्या शेवटच्या घराचं दार तिनं पाण्यासाठी वाजवलं. दार उघडलं आदोझिंदामावशीनं; सारं गाव तिला मावशीच म्हणायचं. सत्याहत्तर वर्षांची, ताठ, अंगावर काळे कपडे, डोक्याला काळा रुमाल. तिनं पाणी दिलं, पाण्याबरोबर सुकी अंजिरं दिली, आणि कॅमेऱ्याकडे बोट जाताच मान हलवली.

"माझा नको, पोरी. दाराचा काढ हवा तर. दार माझ्यापेक्षा जुनं आहे, त्याला लाज नाही."

ग्रासिएतनं दाराचा काढला. पुढच्या तीन वर्षांत ती चार वेळा त्या गावात गेली, दर वेळी आदोझिंदामावशीकडे पाणी प्यायली, आणि दर वेळी दाराचाच फोटो काढला. हा आता त्या दोघींतला विनोदच झाला होता.

चौथ्या ऑक्टोबरात ती गेली तेव्हा धुकं होतं. चार दिवस गावात राहिली, रोज चालली, आणि एकही फोटो मनासारखा आला नव्हता. बसला दोन तास होते. गावाच्या वरच्या अंगाला ओरासिओ पिनेलूची राई होती. तिच्यात एक चेस्टनटचं झाड इतकं जुनं की खोड पोकळ झालेलं. आत तीन माणसं उभी राहतील. ग्रासिएत त्या राईच्या कडेनं आली आणि थांबली.

झाडाखाली आदोझिंदामावशी होती. एका हातानं एप्रनचा ओचा धरलेला, ओचा भरून फुगलेला. भोवती जमिनीवर काटेरी बोंडं उलून पडलेली, त्यात चेस्टनट चमकत होते. मागून धुक्यातून उजेड झिरपत होता. वीस वर्षं वाट बघून मिळत नाही असं ते होतं, आणि तीन श्वासांत जाणार होतं.

मावशीनं मान वर केली. तिला पाहिलं. कॅमेरा आधीच ग्रासिएतच्या डोळ्याला लागला होता. मावशीनं मोकळा हात वर केला, पंजा पुढे, बोटं ताठ.

ग्रासिएतला कळलं. ती हे पुढे स्वतःशी नाकारू शकली नाही, कारण तिला नीट आठवत होतं: हात वर आला, नको असं तिच्या डोक्यात स्पष्ट उमटलं, त्यानंतर तिनं तो हात चौकटीत नीट बसावा म्हणून अर्धं पाऊल डावीकडे टाकलं, आणि मग बटण दाबलं.

मावशी ओचा सावरत वळली आणि झाडामागे गेली. ग्रासिएतनं हाक मारली, "मावशी, येते हं." बस चुकेल म्हणून ती खाली उतरली.

*

न्हाणीघरात लाल दिव्याखाली तो फोटो उमटला तेव्हा ती टबाच्या काठावर खालीच बसली. सत्तावीस वर्षं आणि वर ही दहा-बारा; असा कागद तिच्या हातून कधी निघाला नव्हता. तिनं त्यावर तीन संध्याकाळी घातल्या. धुकं थोडं गडद केलं. एका तारेला पुठ्ठ्याचा तुकडा लावून त्या पंजावरचा प्रकाश अडवला, म्हणजे तो उजळ निघावा. जमिनीवरचे चेस्टनट एकेक करून तसेच उजळले, डोळ्यांसारखे चमकतील इतके.

गुरुवारी तिनं तो मंडळात नेला. टेबलाभोवती सगळे पुढे झुकले.

आदेरितु म्हणाला, "हा हात बघा. आपल्या डोंगरातली माणसं. कुणी परकं वाटेनं आलं तर हात वर करून बोलावतात. ग्रासिएतबाई, हे तुम्हालाच जमतं. विचारून काढणाऱ्यालाच माणूस असा हात देतो."

तेव्हा ती बोलू शकली असती. तिनं तोंड उघडलंही. पण सगळे तिच्याकडे बघत होते, आणि ते बघणं उबदार होतं. ती म्हणाली, "हो, माझ्या ओळखीची आहे ती."

पेनासेल्व्हासकट सहा गावांची मिळून एक पंचायत होती. त्या पंचायतीनं त्या वर्षी नाताळच्या कॅलेंडरासाठी फोटो मागवले होते; बारा महिन्यांचे बारा निवडायचे, पहिल्याला बक्षीस. आदेरितु मागे लागला. ग्रासिएतनं पाठवला. अर्जात फोटोचं नाव लिहायचं होतं. ती पेन हातात घेऊन बरीच बसली. मग तिनं लिहिलं, "या, बसा."

पहिला नंबर आला. बक्षीस म्हणून डुकराची धुरावलेली अख्खी तंगडी बसनं पार्सल होऊन आली. ती तिनं इमारतीतल्या सहाही घरांना कापून वाटली. तळमजल्यावरचा न्हावी म्हणाला, "आणखी काढा असे फोटो, आमचंही भलं होतंय." सगळे हसले. तीही हसली.

*

फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी ती पेनासेल्व्हाला निघाली. पिशवीत मावशीसाठी कॉफीची पुडी होती आणि त्या फोटोची एक छोटी प्रत. खालच्या रस्त्यावर बसमधून उतरली तर पाववाल्या नेलूची व्हॅन उभी होती. नेलू रोज सहा गावांत भोंगा वाजवत पाव विकायचा, आणि पावाबरोबर बातम्या वाटायचा. नाताळात पंचायतीची कॅलेंडरंही त्यानंच घरोघर दिली होती.

"ग्रासिएतबाई," तो म्हणाला, "तुम्ही या बाजूला? हिंमत आहे तुमची."

"का? वर बर्फ आहे का?"

"बर्फ परवडला." त्यानं तिची पिशवी व्हॅनमध्ये ठेवली, तिला शेजारी बसवलं, पण गाडी चालू केली नाही. "कुणी सांगितलं नाही वाटतं तुम्हाला. सरव्याचा दिवस माहीत आहे ना आमच्याकडचा?"

तिला माहीत होतं. मालकांनी चेस्टनट गोळा करून नेले की मागे राहतो तो सरवा. तो कुणीही वेचावा, पण संत मार्तिन्यूचा सण होऊन गेल्यावर. अकरा नोव्हेंबरच्या आधी दुसऱ्याच्या राईत पाऊल ठेवलं तर ती चोरी. एवढं तिला माहीत होतं. फक्त त्या दिवशी, त्या धुक्यात, तिनं तारीख मोजली नव्हती.

"ओरासिओ दरसाल बोंब मारायचा," नेलू सांगत होता, "की पोकळ झाडाखालचे चेस्टनट रानडुकरं खातात. कुंपण घातलं, दिवा लावला, एकदा तर तीन दिवस बंदूक घेऊन बसला. नाताळात कॅफेत कुणीतरी कॅलेंडर चाळलं. नोव्हेंबर आला. ओरासिओनं बघितलं, चष्मा पुसला, परत बघितलं, आणि म्हणाला, 'अरे, हेच का ते माझं रानडुक्कर.' झालं. आता गाव तिला रानडुकरीण म्हणतं."

"तोंडावर?"

"तोंड दिसायला ती बाहेर तर यायला हवी. तीन आठवडे चर्चमध्ये मासला नाही. भोंगा वाजवला तरी दार उघडत नाही. मी पाव कडीला अडकवून जातो. परवा दोन पाव तसेच होते." तो जरा थांबला. "फोटो झकास आहे बरं का. म्हणजे, फोटो म्हणून."

ग्रासिएतला वाटलं, खाली उतरावं आणि परतीच्या बसची वाट बघावी. तिनं तसं म्हणायला तोंडही उघडलं होतं. नेलूनं गाडी चालू केली.

*

दार बंद होतं. तिनं वाजवलं. आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि थांबला.

"मावशी, मी ग्रासिएत. पोर्तोची."

ती दाराच्या फटीशी वाकली.

"मावशी, मला ठाऊक नव्हतं हो. तारखेचं ठाऊक नव्हतं."

आतून आवाज आला, अगदी दाराजवळून. "हात दिसला होता ना?"

ग्रासिएत खाली वाकली. तिनं कॉफीची पुडी उंबऱ्यावर ठेवली. फोटोची प्रत पिशवीतच राहू दिली. ती तिथून हलली, आणि हलल्यावर लक्षात आलं की आपण उत्तर न देताच आलो.

ती रात्र तिनं कॅफेवाल्या फेलिझमिनाच्या वरच्या खोलीत काढली. पडल्या पडल्या तिनं ठरवलं की हे निस्तरायचं. आणि निस्तरण्याचा एकच उपाय तिला सुचला.

रविवारी मास सुटला आणि पुरुष कॅफेत आले. भिंतीवर कॅलेंडर होतं, फेब्रुवारीवर. पण नोव्हेंबरच्या पानाचा कोपरा चाळून चाळून मळला होता. ओरासिओ पिनेलू खिडकीशी बसला होता. ऐंशीला टेकलेला, जाड मिशांचा, डोक्यावरची टोपी घरातही न काढणारा माणूस. ग्रासिएत त्याच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

"ओरासिओसाहेब, कॅलेंडरातला तो फोटो माझा आहे."

"ठाऊक आहे, बाई. खाली नाव आहे तुमचं." कुणीतरी हसलं.

"तो सणानंतरचा आहे. वीस नोव्हेंबरचा. सरव्याचे दिवस होते. आदोझिंदामावशी सरवा वेचत होती. तुमचा गैरसमज झालाय."

ओरासिओ तिच्याकडे बघत राहिला. मग उठला, भिंतीवरून कॅलेंडर काढलं, टेबलावर ठेवलं, नोव्हेंबर उघडला. खिशातून चष्मा काढून लावला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यानंच ते जास्त लागलं.

"बाई, बसा. हे बघा. माझी माणसं राई झाडून घेतात तेव्हा मागे रिकामी बोंडं राहतात. वीस नोव्हेंबरला माझ्या जमिनीवर दहा पावलांत एक चेस्टनट सापडला तर मी ही टोपी खाईन. आणि इथे?" त्यानं जाड बोट पानावर ठेवलं. "एक, दोन, तीन, चार... हे बघा कसे चमकतायत. मी राईत उभा राहून इतके स्वच्छ कधी पाहिले नाहीत. फोटो तुमचाच आहे ना?"

ग्रासिएतनं पानाकडे बघितलं. पुठ्ठ्याचा तुकडा तारेला लावून, लाल दिव्यात, एकेक करून उजळलेले ते चेस्टनट. ती मान खाली घालून उभी राहिली.

मागून कुणी म्हातारा बोलला, "पोर्तोला फोटोही काढतात आणि थापाही मारतात. दोन्ही मोठं करून देतात."

यावर जोरात हशा झाला. फेलिझमिना काउंटरमागून म्हणाली, "पुरे आता." ग्रासिएत बाहेर पडली.

*

ती बसच्या रस्त्याकडे निघाली होती. मागून फेलिझमिनाची नात धावत आली आणि म्हणाली, "बाई, आदोझिंदामावशी बोलावतेय." कॅफेतलं बोलणं चाळीस धुराड्यांच्या गावात पोचायला किती वेळ लागतो.

दार उघडं होतं. मावशी मध्ये उभी होती, आत ये म्हणाली नाही.

"काय सांगितलंस तू तिकडे?"

"मावशी, मी म्हटलं की सणानंतर..."

"कुणी सांगितलं होतं तुला?"

"कुणी नाही."

"मी चोरी केली ती माझी. तिच्यावर तुझं खोटं कशाला चढवतेस? मला खोटं बोलायचं असतं तर मला काय जीभ नव्हती?" ती एकसारख्या, कोरड्या आवाजात बोलत होती. "माझी दोन झाडं होती. एक वाळलं, एक नवऱ्याच्या आजारपणात विकलं गेलं. ओरासिओकडे मागितलं असतं तर त्यानं पोतं भरून दिलं असतं, आणि दर रविवारी विचारलं असतं, गोड आहेत ना? मला मागता येत नाही. म्हणून घेतले. सात वर्षं घेतले. तुला पाहिलं तेव्हा वाटलं, बरं झालं, ही आहे. ही विचारल्याशिवाय काढत नाही."

ग्रासिएत रडायला लागली. मावशीनं तिकडे दुर्लक्ष केलं, घोंगडीसारखी जाड काळी शाल खुंटीवरून काढली आणि खांद्यावर घेतली.

"चल. माझ्याबरोबर नको, मागून ये. आणि तोंड उघडू नकोस."

रस्ता दगडांचा, चढाचा. मावशी सावकाश चालली. दोन खिडक्यांचे पडदे हलले. कॅफेत ती शिरली तेव्हा पत्ते खेळणाऱ्यांचे हात वरच राहिले. गावातल्या बायका कॅफेत सहसा जात नाहीत, आणि तिच्या वयाच्या तर नाहीच.

"ओरासिओ," ती म्हणाली.

तो उठून उभा राहिला. लहानपणी ते एकाच बाकावर शिकले होते, ती दुसरीनंतर घरी बसली होती. "बोला, मावशी."

"या बाईनं खोटं सांगितलं. मी तुझे चेस्टनट सणाआधी नेले. या वर्षी नेले, मागच्या वर्षी नेले. सात वर्षं. आता तुला जे करायचं ते कर."

"अहो मावशी, राहू द्या. दोन ओंजळी चेस्टनट..."

"दोन ओंजळी नव्हते. आणि ऐका, सगळेच ऐका. रानडुकरीण मला कुणी म्हणायचं नाही. रानडुकराला कळत नाही कुणाचं काय ते. मला कळत होतं. चोर म्हणा. ते मी आहे."

ओरासिओनं टोपी काढली. त्याचं टक्कल ग्रासिएतनं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. तो हळू म्हणाला, "बंदूक घेऊन बसलो होतो मी तिथे, मावशी. तीन दिवस. धुक्यात तुम्ही आला असतात तर..." तो खाली बसला.

फेलिझमिनानं कॉफी केली. मावशी ती उभ्यानंच प्यायली, कप ठेवून निघाली.

बाहेर ग्रासिएत तिच्या मागे चार पावलांवर चालत होती. घर आलं. इथे थांबता आलं असतं. दुसरीतलं वाचन मावशी कधीच विसरली होती. पानाखाली काय छापलंय ते तिला कुणी सांगितलेलं नव्हतं, आणि सांगणारही नव्हतं. ग्रासिएतला वाटलं, आज एवढं झालं, आणखी कशाला. पण तिला बंद दारातून आलेला प्रश्न आठवला, ज्याला ती उत्तर न देता निघून गेली होती.

"मावशी, हात दिसला होता मला. नको म्हणताय हे कळलं होतं. तरी काढला. आणि त्या फोटोला मी नाव दिलं, 'या, बसा'. सगळ्यांना वाटतं तुम्ही बोलावताय. मी तसं वाटू दिलं."

मावशीनं दाराची कडी धरली.

"कुणाला बोलावत होते मी?" ती म्हणाली. "तुला?"

दार लागलं. जोरात नाही, रोज लागतं तसंच.

*

आदोझिंदामावशी पुढच्या रविवारी मासला गेली आणि नेलूच्या भोंग्याला दार उघडायला लागली. रानडुकरीण हे नाव पुन्हा कुणी घेतलं नाही, निदान तिच्यासमोर तरी. ओरासिओनं त्या शरदात एक पोतं तिच्या दाराशी आणून ठेवलं. ते तिनं परत पाठवलं. मग सणानंतर, अकरा तारीख उलटल्यावर, टोपली घेऊन ती त्याच्या राईत गेली आणि उरलंसुरलं वेचलं. ओरासिओनं माणसांना सांगितलं होतं की पोकळ झाडाखाली नीट झाडू नका. हे तिला कळलं असावं.

ग्रासिएतनं पंचायतीला पत्र लिहिलं, पान काढून टाका म्हणून. उत्तर आलं की कॅलेंडरं वाटून झाली आहेत, आपल्या कलेबद्दल आभार. मंडळात तिनं एका गुरुवारी सगळं सांगून टाकलं. आदेरितु म्हणाला, "फार मनाला लावून घेता तुम्ही. फोटोनं म्हातारीचा फायदाच झाला की, गावाशी समेट झाला." बाकीच्यांनी माना डोलावल्या. तिला रागवावं असं वाटत होतं, पण ती कुठल्या तोंडानं रागावणार. तिनं मंडळात जाणं सोडलं.

चालणं तिनं सोडलं नाही. तेवढंच तिला येतं. अजूनही शनिवारी ती पहाटेची बस धरते, एका गावातून दुसऱ्या गावात जाते. कॅमेरा असतो, पण बऱ्याचदा पिशवीत. माणसाला विचारते, आणि विचारताना तिचा आवाज पूर्वीसारखा मोकळा नसतो, त्यामुळे लोक जास्त वेळा नाही म्हणतात. ती मग भिंती काढते, कुत्री काढते. पेनासेल्व्हाला ती दोनदा गेली, कॅमेरा घरी ठेवून. पहिल्या वेळी मावशीनं दारातून पाणी दिलं, अंजिरं दिली नाहीत. दुसऱ्या वेळी पाणी दिलं आणि विचारलं, "ते कुठाय?" ग्रासिएत म्हणाली, "घरी." मावशी म्हणाली, "बरं," आणि पेला परत घेतला.

त्या निगेटिव्हचं काय करायचं हे ठरवायला ती एकदा कात्री घेऊन बसली. पट्टी दिव्यासमोर धरली. धुकं, झाड, तो पंजा, सगळं उलट्या उजेडात. कापायची म्हणून धरली होती, आणि तिच्या लक्षात आलं की आपण कापत नाही आहोत, बघतो आहोत. डाव्या बाजूला किंचित जास्त काळं आहे, पुढच्या वेळी तिथे अर्धा सेकंद जास्त उजेड द्यायला हवा, असा हिशेब डोक्यात सुरूही झाला होता. झाल्या प्रकाराची लाज होतीच. पण त्या क्षणी वाटली तेवढी लाज तिला कॅफेतसुद्धा वाटली नव्हती. फोटो चांगला होता. अजूनही चांगलाच होता.

तिनं पट्टी पाकिटात घातली आणि पाकीट खणात ठेवलं. ती अजून तिथेच आहे.